जर्नलमधलं 'चुकलेलं' रीडिंग खोडायला लावू नका

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि विज्ञान शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

दहावीच्या विज्ञानात ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० प्रात्यक्षिकाचे. हे पत्र त्या २० गुणांबद्दल, त्यातही जर्नलबद्दल आहे. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत जर्नलमधलं निरीक्षण प्रयोगाच्या आधी लिहून झालेलं असतं. मागच्या वर्षीच्या मुलांचं जर्नल हातोहात फिरतं, त्यावरून तक्ता उतरवला जातो, कोऱ्या पानावर पेन्सिलीने सुबक परीक्षानळी काढली जाते. मग कधीतरी प्रयोग होतो. रीडिंग तक्त्याशी जुळलं तर उत्तम, नाही जुळलं तर खोडरबर आहेच.

मी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका औषध कारखान्याच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झाले. राहते ऐरोलीत. सोसायटीतली आठवी ते दहावीची मुलं रसायनशास्त्रात काही अडलं की माझ्याकडे येतात, त्यामुळे वेगवेगळ्या शाळांची जर्नलं नजरेखालून जातात. अक्षर मोत्यासारखं, आकृत्या देखण्या, आणि निरीक्षणं सगळ्यांची सारखी. अगदी दशांशापर्यंत सारखी! ज्याने कधी हाताने वजन केलंय त्याला हे पाहून हसू येईल. एकाच काट्यावर एकाच माणसाने तोच नमुना दोनदा ठेवला तरी शेवटचा आकडा हलतो.

आमच्या लॅबमधली पद्धत सांगते. नोंदवहीच्या पानांवर छापील क्रमांक असायचे, म्हणजे पान फाडता येणार नाही. पेन्सिल आत आणायची नाही. व्हाइटनर तर दिसलं तरी बोलणी बसायची. आकडा चुकून वेगळा लिहिला गेला तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. आणि तपासणीचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर आला, तर त्याला 'ओओएस' म्हणायचं आणि त्याची चौकशी लावायची: पिपेट तपासा, द्रावण कधी केलं ते बघा, काट्याचं कॅलिब्रेशन बघा. चौकशी पूर्ण होईपर्यंत तो आकडा पुसायची मुभा कुणालाच नव्हती, अगदी मॅनेजरलासुद्धा.

बीएस्सी होऊन नवी मुलं यायची तेव्हा त्यांना टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण सोडून तीव्रता मोजणं) शिकवायला फार दिवस लागत नसत. ब्युरेटचा नळ कसा सोडायचा, फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं, हे हाताला पटकन येतं. वेळ जायचा तो दुसऱ्याच गोष्टीत. पहिलं रीडिंग १२.४, दुसरं १२.४, आणि तिसरं १२.९ आलं की त्यांचा हात आपसूक १२.४ लिहायला जायचा. ही सवय कारखान्यात लागलेली नसते. ती आठवी-नववीपासून घेऊन येतात.

यावर काही शिक्षक म्हणतात, "मॅडम, शाळेतल्या प्रयोगात काय एवढं, गोळी थोडीच बनवायचीय?" बरोबर आहे, गोळी बनवायची नाही. पण न जुळणारा आकडा पुसला की त्याच्यासोबत रसायनशास्त्रही पुसलं जातं. मोरचुदाचंच, म्हणजे कॉपर सल्फेटचंच बघा.

नववीच्या 'आम्ल, आम्लारी व क्षार' या धड्यात स्फटिकजल येतं. मोरचुदाचे निळे खडे तापवले की पांढरे पडतात, थंड झाल्यावर दोन थेंब पाणी टाकलं की पुन्हा निळे. मुलांना हा प्रयोग फार आवडतो, आणि आपण तो तिथेच सोडून देतो. त्याच्या आधीचाच धडा 'द्रव्याचे मोजमाप'. त्यात रेणुवस्तुमान आहे, मोल आहे, आणि मुलांना तो धडा रुक्ष वाटतो. हे दोन धडे एकमेकांना जोडायला फक्त एक काटा लागतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावेल एवढा इलेक्ट्रॉनिक काटा आता काही शे रुपयांत मिळतो.

मोरचुदाच्या एका घटकात पाण्याचे पाच रेणू. निर्जल भागाचं वस्तुमान १५९.६, पाच रेणू पाण्याचं ९०.१, एकूण २४९.७. म्हणजे हातातल्या निळ्या खड्याचा ३६ टक्के भाग पाणीच! तो कोरडा लागतो, कागदावर ठेवला तर कागद ओला होत नाही, आणि तरी एक तृतीयांशाहून जास्त पाणी. मुलाला हे वाक्य म्हणून सांगितलं तर तो पाठ करेल. ५ ग्रॅम तोलून, तापवून, पुन्हा तोलायला सांगितलं तर आकडा समोर उभा राहील. हिशोबाने ३.२० ग्रॅम उरायला हवेत.

पण वर्गात दहा गट केले तर दहाही जणांना ३.२० येणार नाही. खरी मजा इथून सुरू होते. मंद आचेवर घाईघाईत उरकणाऱ्या गटाचं वजन साडेतीनच्या आसपास अडकेल. 'चुकलं' म्हणून ते खोडायला लावण्याआधी जरा हिशोब करा. पाचांपैकी चार रेणू १०० अंशांच्या थोडं पुढे गेलं की सुटतात. पाचवा सल्फेटला घट्ट धरून बसलेला असतो, त्याला २०० अंशांच्या वर जावं लागतं. चार गेले आणि एक राहिला तर ५ ग्रॅमचे किती उरतील? ३.५६. म्हणजे त्या गटाला न जुळणारा आकडा मिळाला आणि त्याच आकड्यात एक मोठी गोष्ट सापडली: पाचही रेणू सारखे बांधलेले नाहीत. आपण मात्र तो आकडा पुसून ३.२० लिहायला लावतो आणि वर म्हणतो, मुलांना रासायनिक बंध समजत नाहीत.

कुणाचं २.९५ येईल. त्यांना काटा तपासायला सांगू नका, टेबल तपासायला सांगा. खडे तडतडतात, निळसर कण बर्नरभोवती उडालेले सापडतील. कुणी फारच जोर लावला तर पांढऱ्या भुकटीत काळे ठिपके दिसतील आणि नाकाला झोंबणारा वास येईल. तिथे लगेच थांबवायचं, खिडक्या उघडायच्या. आता पाणी जाऊन पदार्थच मोडायला लागलाय, काळं पडतंय ते कॉपर ऑक्साइड. भौतिक बदल, रासायनिक बदल या व्याख्या घोकण्यापेक्षा हे काळे ठिपके मुलांच्या जास्त लक्षात राहतील.

आणि हा प्रयोग आपल्याकडे जुलैमध्ये करून बघा. बाहेर मुसळधार, भिंतींना ओल. पांढरी भुकटी काट्यावर ठेवली की शेवटचा आकडा हळूहळू वर चढतो. काटा बिघडलेला नाही, भुकटी हवेतलं पाणी ओढून घेतेय, थोड्या वेळात कडेने निळसरही दिसायला लागते. बरं, गरम बशी तशीच काट्यावर ठेवली तर उलटं होतं. तिच्याभोवतीची हवा तापून वर जाते, बशीला किंचित उचलल्यासारखं होतं आणि वजन कमी दिसतं. म्हणून झाकण घालून थंड करायचं, तोलायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा तोलायचं, आणि लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबायचं. स्थिर वजन, बस्स. कारखान्यात याच तपासणीला 'एलओडी' (सुकवल्यावर घटलेलं वजन) म्हणतात आणि कितीतरी बॅच तिच्यावर पास-नापास होतात. टीटीसीतल्या लॅबमध्ये रोज जे चालतं ते नववीच्या मुलाला एका तासात समजू शकतं, फक्त त्याच्या वहीत आकडे त्याचे स्वतःचे हवेत.

दुसरं उदाहरण छोटं आहे, पण मला जास्त लागलं. आमच्या इमारतीतल्या नववीच्या एका मुलीने शाळेत डिस्टिल्ड वॉटरचा पीएच (७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी) पट्टीने पाहिला. तिला रंग ६ च्या जवळचा दिसला, तिने ६ लिहिलं. तिला ७ करायला लावलं, शेजारी लाल शाईत 'काळजीपूर्वक निरीक्षण करा' असा शेरा. शाळेचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, कुठल्याही शाळेत हेच झालं असतं.

त्या मुलीचं निरीक्षण बरोबर होतं. उघड्या चंचुपात्रातलं शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं, थोडं कार्बोनिक आम्ल तयार होतं, आणि पीएच ५.६ पर्यंत उतरू शकतो. स्वच्छ हवेत पडणारा पाऊससुद्धा याच कारणाने किंचित आम्लधर्मी असतो. (पीएचची पट्टी इतक्या शुद्ध पाण्यात तशीही फार भरवशाची नाही, पट्टीतला रंगच पाण्याचा पीएच थोडा हलवतो. पण हाही नववीच्या मुलांशी बोलण्यासारखाच विषय आहे.) तेच पाणी उकळून, झाकून थंड करून पुन्हा पट्टी बुडवायला सांगितली असती तर रंग ७ कडे सरकलेला तिनेच पाहिला असता. विद्राव्य वायू, उदासीन द्रावण, आम्ल पावसाचा धडा, सगळं एका पट्टीत आलं असतं. तिच्या वहीत त्याऐवजी लाल शेरा आला.

न जुळणाऱ्या आकड्याची किंमत काय असते, यासाठी मुलांना इंग्लिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांची गोष्ट सांगा. ते नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला नायट्रोजन त्यांच्या काचेच्या गोळ्यात भरला की वजन साधारण २.३१० ग्रॅम यायचं. संयुगांपासून रासायनिक रीतीने मिळवलेला नायट्रोजन त्याच गोळ्यात भरला की २.२९९. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आपल्या जर्नलमध्ये हा फरक 'प्रायोगिक त्रुटी' या दोन शब्दांत गाडला गेला असता. रॅले यांनी पुन्हा पुन्हा मोजलं, फरक जाईना. १८९२ मध्ये त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना सरळ विचारलं, हे असं का होतंय? मग विल्यम रॅमसे यांच्यासोबत शोध लागला तो १८९४ मध्ये: हवेतल्या नायट्रोजनमध्ये एक जड, कशाशीच अभिक्रिया न करणारा वायू मिसळलेला होता. आर्गन. हवेचा जवळपास एक टक्का भाग, आणि तोवर कुणाला पत्ता नव्हता. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आवर्तसारणीत एक आख्खा नवा गण जोडावा लागला, तुम्ही फळ्यावर लिहिता तो अठरावा.

ही गोष्ट इंग्लंडची असली तरी आर्गन दाखवायला लांब जायला नको. वागळे इस्टेट किंवा रबाळेच्या गल्ल्यांत 'आर्गन वेल्डिंग' अशा पाट्या दिसतात. तिथल्या वेल्डरला विचारा की सिलिंडर कशाला. तो सांगेल, हवा लागली तर स्टीलचा जोड काळा पडतो. तापलेल्या धातूला ऑक्सिजनपासून दूर ठेवायला त्याच आळशी वायूचं पांघरूण घालतात. निष्क्रिय वायूंचा तक्ता पाठ करणाऱ्या मुलाला ही पाच मिनिटांची भेट घडवा.

तसंही आपली मुलं रसायनशास्त्राच्या कुशीतच वाढतात. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून कारखाने, पश्चिमेला खाडी. रात्री कोपरखैरणे-पावण्याकडे वास आला की सोसायटीच्या ग्रुपवर 'फार वास येतोय' एवढंच लिहिलं जातं आणि सकाळी सगळे विसरतात. किती वाजता, वारा कुठून, कशासारखा वास, हे कुणी लिहीत नाही. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तो हायड्रोजन सल्फाइडचा असू शकतो, आणि हा वायू ओहोटीला कांदळवनाच्या चिखलातूनही निघतो, तिथले जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून तो तयार करतात. वारा पश्चिमेचा आणि खाडीला ओहोटी असेल तर एक शक्यता, वारा पूर्वेचा असेल तर दुसरी. चांदीचे पैंजण आपल्याकडे लवकर काळे पडतात त्यामागेही गंधकाचीच संयुगं असतात. दहावीच्या मुलाने महिनाभर वेळ, वारा, भरती-ओहोटी आणि वास यांचा साधा तक्ता ठेवला, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नुसत्या तक्रारीऐवजी काहीतरी देता येईल. मात्र तो तक्ता जर्नलसारखा आधीच भरलेला असेल तर त्याला कोण विचारणार?

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. वर्गात साठ मुलं, प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी, तास पस्तीस मिनिटांचा, त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. काही शाळांत प्रयोगशाळेला कुलूप असतं आणि किल्ली नेमकी कुणाकडे हाच एक शोधप्रकल्प असतो. म्हणून मी जास्त प्रयोग करा असं म्हणत नाही. उलट कमी करा. वर्षाकाठी रसायनाचे तीन-चारच खरेखुरे करा, बाकीचे तुम्ही टेबलावर करून दाखवा आणि जर्नलमध्ये तसं स्पष्ट लिहू द्या: 'शिक्षकांनी करून दाखवला.' न केलेल्या प्रयोगाचं निरीक्षण लिहायला लावण्यापेक्षा ते कितीतरी सरळ.

जे तीन-चार प्रयोग मुलं करतील त्यांच्यासाठी फेअर जर्नलचा आग्रह सोडा. प्रयोगाच्या टेबलावर, पेनने, तिथल्या तिथे लिहिलेली वहीच तपासा. डाग पडलेले चालतील, खाडाखोड एका रेघेची असेल तर चालेल. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर ओळीने लिहा आणि मुलांनाच विचारा, हे वेगळे का आले? गुण बरोबर आकड्याला देऊ नका, फरकाच्या कारणाला द्या. '३.३१ आलं, ३.२० यायला हवं होतं, बहुतेक थोडं पाणी राहिलं, पुन्हा तापवल्यावर ३.२४ झालं' असं लिहिणाऱ्या मुलीला पैकीच्या पैकी. प्रात्यक्षिक परीक्षा आपापल्या शाळेतच होते, त्यामुळे यासाठी पुण्याहून बोर्डाचं परिपत्रक यायची वाट बघायला नको.

पालकांचा प्रश्न येईल, तोही मुख्याध्यापकांनाच हाताळावा लागेल. काही आयांना स्वच्छ, कव्हर घातलेलं जर्नल म्हणजेच अभ्यास वाटतो. पहिल्या पालकसभेत त्यांना दोन्ही वह्या शेजारी ठेवून दाखवा.

सुरक्षिततेचं थोडक्यात. मोरचूद विषारी आहे, चाखायचं नाही, हात धुवायचे, डोळ्यांवर चष्मा, केस बांधलेले, सिंथेटिक ओढणी लांब. आणि प्रयोग संपल्यावर निळं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. तांबं मासे आणि शेवाळ दोघांनाही घातक आहे, आणि आपल्या नाल्यांचा शेवट ठाण्याच्या खाडीतच होतो. २०१५ पासून त्या खाडीच्या काही भागात फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये तिला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जाही मिळाला. एका शाळेच्या दोन चमचे मोरचुदाने फ्लेमिंगो मरणार नाहीत, पण मुलांना सवय लागते ती इथेच. सगळ्या गटांची भुकटी एका बाटलीत जमा करा, पुढच्या वर्षी कोमट पाण्यात विरघळवा, गाळा, सावकाश सुकू द्या, पुन्हा निळे स्फटिक मिळतील. स्फटिकीकरणाचा प्रयोग फुकटात होतो.

ऐरोली, घणसोली, रबाळे, कळवा इथल्या ज्या शाळांना हे करून बघायचं असेल त्यांच्यासाठी शनिवारी सकाळी मी मोकळी असते. काटा माझ्याकडे आहे, बाष्पनपात्रं आणि चष्मे जमवता येतील. लॅबमधले दोन निवृत्त सहकारीही यायला तयार आहेत. तास तुमचा, वर्ग तुमचा, आम्ही मागे उभे राहून आकडे फळ्यावर लिहू. सहामाही परीक्षेनंतर, दिवाळीच्या सुट्टीआधीचे दिवस यासाठी बरे पडतील, तेव्हा हवाही थोडी कोरडी झालेली असते.

आपली,
एक निवृत्त क्यूसी केमिस्ट,
ऐरोली, नवी मुंबई